एक माणूस, एक कबर

आक्का,

तुझ्या अंत्यविधीच्या मिस्सेत फादरांनी तुला शांत म्हटलं. शांत, नम्र, आज्ञाधारक. मी पहिल्या बाकावर होते, समोर तुझी पेटी होती, आणि मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या तरी मिस्सेला येऊन बसलो. फादर जूनमध्ये बदलून आलेले, त्यांनी तुला नीट पाहिलेलंही नव्हतं. त्यांचा दोष नाही. त्यांना कुणीतरी हे शब्द पुरवले होते. मी मागे वळून पाहिलं तर विन्सेंट रुमालानं डोळे पुसत होता. आपल्या दफनभूमी समितीचा सचिव विन्सेंट, ज्याला तू भर रस्त्यात 'मेलेल्यांचा मुकादम' म्हणाली होतीस. शब्द कुठून आले ते मला तेव्हा कळलं.

शांत! तुझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेली. मुंबईच्या ऑपरेटरला तू ज्या आवाजात हाक मारायचीस, तो वायरीशिवायही पोचला असता, असं बाबा म्हणायचे. चर्चमध्ये हार्मोनियम बेसूर लागली की तू गाणं थांबवून मागे बघायचीस, आणि वाजवणारा बिचारा पुढचं कडवंच विसरायचा. लग्नाच्या मिस्सेत कुणाचा मोबाइल वाजला तर नवरा-नवरीच्या आधी तू वळायचीस. आणि या बाईला वेदीवरून शांत म्हटलं गेलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी उठून काही बोलले नाही. आपल्या घरात बोलायचं काम तुझ्याकडे होतं आणि वाचायचं माझ्याकडे. कॉलेजच्या ग्रंथालयात सारा जन्म काढलेल्या माणसाला मोठ्यानं बोलायची सवय राहत नाही. म्हणून लिहिते आहे. हे छापून येणार आहे आणि वाचणाऱ्यांत आपल्या चर्चबाहेरचेही पुष्कळ असतील, तेव्हा तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील. कंटाळू नकोस.

दोन नोव्हेंबर हा आपला मृतांचा दिवस. त्याच्या आधी दफनभूमीतलं पावसाळ्यात माजलेलं गवत कापतात. तोवर ते वाळून पिवळं झालेलं असतं आणि त्याची कुसळं साडीला चिकटतात. ज्याची त्याची माणसं येऊन कबरींना चुना देतात, झेंडू घालतात. संध्याकाळी मोठ्या क्रूसापाशी मिस्सा होते, आणि मग फादर पवित्र पाण्याची बादली घेऊन रांगेरांगेनं फिरतात. ज्या कबरीजवळ घरचं माणूस उभं असेल तिथं थांबतात, नाव विचारतात, प्रार्थना म्हणतात, पाणी शिंपडतात. जिथं कुणी नसेल तिथून पुढे जातात. असं करा म्हणून कुठं लिहिलेलं नाही. अंधार पडायला लागलेला असतो, डास फोडून काढतात, आणि पुढच्या कबरींजवळ लोक ताटकळत उभे असतात. कुणाला वाईट वाटत नाही, कारण ज्यांना वाटलं असतं ते तिथं नसतातच.

आपल्या दफनभूमीत अशा कबरींची एक पूर्ण रांग आहे, मागच्या भिंतीला लागून. लोखंडी क्रूस आहेत, त्यांवरच्या नावाच्या पट्ट्या गंजून गेल्यात. कुणी रेल्वेत बदलून आलेले असतील, कुणी गिरणीत कामाला. त्यांच्या मागची माणसं पुढं कुठं कुठं निघून गेली. तू या लोकांबद्दल कधी गोष्टी रचल्या नाहीस, आणि याचं मला अजून नवल वाटतं. मी एकदा म्हटलं होतं की जुन्या नोंदी काढून निदान नावं तरी शोधू. तू म्हणालीस, "नाव सापडलं नाही तर काय उभं राहायचं नाही का?" आणि विषय संपवलास.

तू उभी राहायचीस. मधल्या रांगा चालू असतानाच भिंतीकडे जाऊन थांबायचीस, कारण फादर कुठल्या बाजूनं वळतील याचा नेम नसे. ते पहिल्या लोखंडी क्रूसापाशी आले की तू तिथं मान खाली घालून उभी. पाणी शिंपडून झालं की चप्पल हातात घेऊन पुढच्या क्रूसापाशी. फादर पोचायच्या आत तू पुन्हा मान खाली घालून उभी, जशी काही सकाळपासून तिथंच आहेस. जुने मोठे फादर होते तेव्हाची गोष्ट.

"हे कोण तुमचे?"

"भाऊ."

"आणि हे?"

"हेपण भाऊच, फादर. आमचं घर लई मोठं."

"मग या सगळ्यांच्या आईचं नाव सांगा बघू."

"मरिया की."

मोठे फादर बादलीसकट हसले, अर्धं पाणी त्यांच्याच झग्यावर सांडलं. त्यानंतर त्यांनी तुला कधी काही विचारलं नाही. भिंतीजवळ आले की तुला दम घ्यायला वेळ मिळावा म्हणून प्रार्थना सावकाश म्हणायचे.

आणि ती टेंभुर्णीची मंडळी! भिंतीच्या रांगेत एक कबर होती जिला खरं तर माणसं होती, आपल्याला माहीत नव्हतं एवढंच. त्या वर्षी दोघी बहिणी पहिल्यांदाच आल्या, त्याही एसटी चुकल्यामुळे उशिरा, हातात झेंडूच्या माळा. बघतात तर त्यांच्या वडिलांच्या कबरीजवळ एक अनोळखी बाई मेणबत्ती लावून डोळे पुसते आहे. थोरली कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"ओ बाई, आमच्या आण्णांची तुमी कोण?"

"कोणी नाही."

"कोणी न्हाय तर रडताय कशाला?"

"धुरानं."

"धुरानं व्हय! लई वर्सं झाली का धुराला?"

धाकटी तर भोवती पोरंबाळं दिसतात का ते शोधायला लागली. आण्णा सोलापुरात एकटे राहून नोकरी करायचे आणि महिन्यातून एकदा घरी जायचे, त्यामुळे त्या दोघींचा हिशेब क्षणात जुळला होता. मी लाजेनं एका मोठ्या कबरीच्या आड झाले. तू मात्र त्यांना हाताला धरून रांगेतल्या प्रत्येक कबरीपाशी नेलंस. "ही बघा, हिच्यापाशी पण रडले. हिच्यापाशी पण. एवढे नवरे मी कधी करू?" थोरली हसता हसता खाली बसली. पुढच्या वर्षापासून त्या पहिल्या एसटीनं यायच्या आणि तुझ्यासाठी शेतातली करडईची भाजी कागदात गुंडाळून आणायच्या.

हे सगळे तुझे मोठेपणाचे किस्से म्हणून मी लिहीत नाही. मला तुझा राग यायचा, आक्का. अजून येतो. आई आणि बाबा मधल्या रांगेत एकाच कबरीत आहेत, आणि दर वर्षी त्यांच्याजवळ मी एकटी उभी असायचे. शेजारच्या कबरीजवळच्या बायका विचारायच्या, "थोरली आली नाही?" मी म्हणायचे, "आली आहे, तिकडे आहे." तिकडे म्हणजे कुठं ते सगळ्यांना दिसत असे. तू अनवाणी पळत असायचीस परक्या मेलेल्यांमागे, आणि ज्यांनी तुला वाढवलं त्यांच्यासाठी तुझ्याकडे पाच मिनिटं नसत. मी हे बोलून दाखवलं तर तू म्हणायचीस, "त्यांच्याजवळ तू आहेस की." जणू मी असणं ही तुझ्या सोयीसाठी केलेली व्यवस्था होती.

स्वयंपाकघरात बसून किती वेळा भांडलो यावरून. मी पुस्तकातलं सांगायचे. क्रूसापाशी जी मिस्सा होते ती सगळ्या मृतांसाठी असते, देव काही कबरीजवळ कोण उभं आहे ते बघून दया करत नाही. तू भाकरी थापत ऐकून घ्यायचीस आणि मग तुझं ठरलेलं उत्तर द्यायचीस. साधा ट्रंक कॉल लावला की पलीकडे जो उचलेल तो बोलतो. पीपी कॉल वेगळा. त्यात माणसाचं नाव घेऊन त्याला बोलवायचं असतं, तो शेजारून, शेतातून, कुठून येईल तोवर ऑपरेटरनं लाइन धरून थांबायचं असतं.

"तुमची मिस्सा साधा कॉल आहे. माझा पीपी."

"पण तुला त्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत, आक्का."

"म्हणूनच तर जास्त वेळ धरावी लागते."

हे काही उत्तर नव्हतं. तर्काला धरून तर मुळीच नव्हतं. मी पुढच्या वेळी काय म्हणायचं ते शोधून ठेवलं होतं, दोन संतांचे आधारही काढले होते. ते आता माझ्याकडेच राहिले.

मग मागच्या वर्षी विन्सेंटनं नियम आणला. मृतांच्या दिवशी गोंधळ होतो, वेळ जातो, काही लोक कबरींमधून पळापळ करतात, ते शोभत नाही. म्हणून एका माणसानं एकाच कबरीजवळ उभं राहावं. एक माणूस, एक कबर. रविवारच्या मिस्सेनंतर सूचना वाचली गेली. 'काही लोक' म्हणजे कोण ते सगळ्या चर्चला माहीत होतं. बायकांनी पदराआड तुझ्याकडे बघून घेतलं. मी तुझा हात धरायला गेले, कारण मला वाटलं तू आता उठणार, तो ट्रंक कॉलचा आवाज लावणार, आणि आपल्याला पुढचे सहा महिने लोकांना तोंड दाखवता येणार नाही.

तू उठली नाहीस. रस्त्यात विन्सेंटला झापणं वेगळं. वेदीवरून वाचलेल्या गोष्टीला तू उलट बोलायची नाहीस, आईनं तसं शिकवलं होतं. तू फक्त मान हलवलीस. त्या दोन नोव्हेंबरला तू भिंतीजवळ एकाच क्रूसापाशी उभी राहिलीस. पाणी पडलं, तू तिथंच थांबलीस, आणि फादर पुढच्या सगळ्यांवरून चालत गेले. तू ते पाहिलंस. घरी येऊन पाय धुतलेस, जेवली नाहीस. मी मूर्खासारखं म्हटलं, "निदान आता पुढच्या वर्षीपासून आई-बाबांजवळ तरी उभी राहा." तू भिंतीकडे तोंड करून झोपलीस.

सगळ्या आयुष्यात तू त्या एका दिवशी गप्प बसलीस. विन्सेंटला तेवढंच आठवलं आणि त्यानं ते तुझ्या पेटीवर ठेवायला दिलं.

दिवाळीच्या तोंडावर तू गेलीस. कशी, ते मी लिहिणार नाही. आई-बाबांच्याच कबरीत तुला ठेवलं. वरची शहाबादी फरशी उचलताना मधोमध मोडली, दोन तुकडे अजून बाजूला टेकून ठेवलेत, वर नुसता मातीचा ढीग आहे. चर्चच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची आणि गुलाबांची रांग लागली. 'आपल्या सर्वांची आक्का.' घरी रोजरीच्या प्रार्थनेला इतक्या बायका आल्या की सतरंज्या शेजारून आणाव्या लागल्या. एकजात रडल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि लगेच दोन नोव्हेंबर आला. सकाळी जाऊन मी तुमच्या ढिगावर झेंडू घातला. संध्याकाळी फाटकाशी विन्सेंट भेटला. पवित्र पाण्याची बादली नेहमी तोच धरतो. मायेनं म्हणाला, "ताई, पहिलं वर्ष आहे, तुम्ही आक्कांपाशीच थांबा. फेरी यंदा भिंतीकडून सुरू करतोय, तुमच्यापर्यंत यायला जरा वेळ लागेल. भिंतीकडचं काय, पटकन उरकेल. तिकडे आता कोण असणार?"

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. म्हणूनच संताप आला. त्याच्या आवाजात सुटका होती. तुझ्या मरणानं त्याची फेरी आटोपशीर झाली होती.

मिस्सेत माझं लक्ष नव्हतं. नियम चुकीचा असला तरी एकाच ठिकाणी उभं राहता येणार होतं, आणि तुझ्या पहिल्याच वर्षी तुला, आईला, बाबांना टाकून भिंतीकडे जायचं, हे मला सुचणंच शक्य नाही असं मी स्वतःला सांगत होते. आणि मिस्सा संपली तेव्हा मी भिंतीजवळ पहिल्या लोखंडी क्रूसापाशी होते. काही भरून वगैरे आलं नाही. पाय दुखत होते, डास चावत होते, आणि सगळे बघताहेत या विचारानं कान गरम झाले होते.

फादर आले, थांबले. "नाव?"

"माहीत नाही, फादर."

"तुमचे कोण?"

"कोणी नाही." तुझ्यासारखं मला बोलता येत नाही.

त्यांनी विन्सेंटकडे पाहिलं, मग प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं. मी पुढच्या क्रूसापाशी गेले. विन्सेंट बादली सावरत म्हणाला, "ओ ताई! एक माणूस, एक कबर. तुम्हाला माहितेय की."

मी म्हटलं, आणि मला माझाच आवाज मोठा वाटला, "आमची तिघं तिकडे आहेत, विन्सेंट. त्यांच्याजवळ आज कुणी उभं नाही. त्या तिघांच्या बदल्यात तीन इथं घेते. तुमची फेरी तेवढीच राहील."

"असं बदल्यात चालत नाही, ताई."

"का चालत नाही?"

फादर तोवर दुसऱ्या कबरीची प्रार्थना सुरू करून मोकळे झाले होते. दुसरी झाली, तिसरी झाली. चौथीशी मी गेले नाही, कारण मी तीन म्हटलं होतं. तू गेली असतीस. तू तीन म्हणून सगळी रांग घेतली असतीस.

उरलेल्यांवरून ते पुढे गेले आणि मधल्या रांगेकडे वळले. मी भिंतीजवळून बघत होते. तुमच्या ढिगाच्या डाव्या हाताला, उजव्या हाताला माणसं उभी होती, रोजरीला आलेली, सतरंजीवर बसून रडलेली माणसं. तुझी प्रार्थनागटातली मैत्रीण तर इतकी जवळ होती की तिचा पदर मोडक्या फरशीवर टेकला होता. एक पाऊल बाजूला सरकली असती तर फादर थांबले असते. ती आपल्या सासूच्या कबरीला धरून उभी राहिली. नियम होता ना. फादर तिच्याजवळ थांबले, मग तुमच्यावरून पुढे गेले. फादर नवीन आहेत, अंधार होता, त्यांना तिथं मातीशिवाय काही दिसलं नसणार.

लोक गेल्यावर मी तुमच्याकडे आले. मला तुझी माफी मागायची होती, पण मागताना पुन्हा रागच आला. दर वर्षी तू हे बघत होतीस? रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत दम संपला की उरलेल्यांवरून फादर चालत जाताना बघायचीस, आणि घरी येऊन माझ्याशी पीपी कॉलच्या गप्पा मारायचीस? मला एकदा हात धरून तिथं नेऊन उभं का केलं नाहीस? मी आले नसते, भांडले असते, हे खरं आहे. तरी न्यायचं होतंस. आणि आई-बाबांजवळ मला ठेवून तू निर्धास्त पळत होतीस, म्हणजे मी तिथून हलणार नाही एवढा भरवसा तुला होता. तो भरवसा होता हे मला तुझ्या ढिगाशी उभं राहून कळलं. तू तो कधी बोलून दाखवला नाहीस. तुला बोलता येत होतं, आक्का, आमच्यापेक्षा कितीतरी जास्त.

फाटकाशी विन्सेंट कुलूप घेऊन उभा होता. "वाईट वाटलं बघा, ताई. पुढल्या वर्षी फादरांना सगळ्यात आधी आक्कांकडे नेतो."

"तुम्ही त्यांच्यासाठी रडलात ना? मग तुम्ही उभं राहायचं होतं."

"माझ्या हातात बादली होती की, ताई."

मी फाटकाबाहेर पडले. पण हे वाचतील त्यांत विन्सेंट असेल, तुझी मैत्रीण असेल, सतरंजीवरच्या सगळ्या असतील, म्हणून नीट लिहून ठेवते. यंदा तुझ्यावर, आईवर, बाबांवर पाणी पडलेलं नाही. पुढच्या वर्षी मी भिंतीजवळ असेन, आणि तीनवर थांबणार नाही. मधल्या रांगेत, मोडक्या शहाबादी फरशीपाशी, एका माणसाला उभं राहता येईल एवढी जागा आहे. ती मी मोकळी ठेवते आहे.

तुझी
सुशी